फोनोची डबी आणि माझा कान

आमच्या घरात गेली दोन वर्षं एकच कुरबुर चालू होती. बायको पुटपुटते, ही ती कुरबुर, आणि ती करणारा अर्थातच मी. ती स्वयंपाकघरातून काहीतरी विचारायची आणि माझ्यापर्यंत नुसती भुणभुण पोचायची. "अगं, जरा तोंड उघडून बोल ना," मी बसल्या जागेवरून ओरडायचो. मग ती हात पुसत दारापर्यंत यायची आणि तेच पुन्हा विचारायची. पुढे पुढे तिने विचारणंच कमी केलं. चहा हवा का, हे रिकामा कप वर धरून. बाजारात जाते, हे पिशवी दाखवून. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांकडून पाढे घोकून घेतलेली बाई, आणि निवृत्त झाल्यावर हिचा आवाज असा बसावा, याचं मला वाईट वाटायचं. त्याहून जास्त राग यायचा. खोट तिच्या आवाजात आहे की माझ्या कानात, असा प्रश्न कोणी विचारला असता तर मी त्याला घराबाहेर काढलं असतं.

कारण माझा कान हा साधा कान नव्हता. रसायनीच्या एका केमिकल कंपनीत, इन्स्ट्रुमेंट खात्यात माझी हयात गेली. काम माझं मीटरांचं, पण फिटर लोक मला पंपांसाठी बोलवायचे. लांब स्क्रू-ड्रायव्हर घ्यायचा, टोक पंपाच्या अंगावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडावर. आत बेअरिंग कसं फिरतंय ते ऐकायचं आणि सांगायचं, "हे अजून महिनाभर चालेल," किंवा "हे आज रात्रपाळीत जाईल, आत्ताच बदला." मी सांगितलं की तसंच व्हायचं. नवीन आलेले इंजिनिअर आधी हसायचे, मग तेही "काकांना विचारा" म्हणायला लागायचे. कॉम्प्रेसर हाउसमध्ये जाताना कानांवर मफ चढवायचा नियम होता. आत एवढा गोंगाट की शेजारच्याशी खुणेने बोलावं लागे. मी माझा मफ बाहेरच्या खिळ्यालाच टांगून जायचो. कान झाकले तर ऐकणार काय, कपाळ?

निवृत्त झाल्यावर कर्जतच्या घरात मला शांतता खायला उठली. बायको बोलेना, म्हणजे मला तसं वाटत होतं. टीव्हीवरची माणसंसुद्धा पुटपुटायला लागली होती, बँकेतली मुलगी पुटपुटत होती, सगळ्या जगानेच माझ्याशी हळू बोलायचं ठरवलं होतं. म्हणून मी माळ्यावरून वडिलांच्या तबकड्या काढल्या. भावगीतं, नाट्यगीतं, एक-दोन सनईच्या. त्यांचा प्लेअर कधीच भंगारात गेला होता. मी नवीन टर्नटेबल मागवलं. अॅम्प्लिफायर घरचाच होता, तरुणपणी मी स्वतः सुटे भाग आणून जोडलेला. त्याला मागे एकच भोक, टेप किंवा रेडिओ लावायचं.

इथे थोडं समजावून सांगायला हवं, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. तबकडीवर आवाज आहे तसा कोरलेला नसतो. जाड, खर्जाचे सूर तसेच कोरले तर चर फार रुंद होतात, एका बाजूवर एखादं गाणंही मावायचं नाही. म्हणून कोरताना जाड सूर दाबतात आणि बारीक सूर चढवतात. वाजवताना याच्या बरोबर उलट करावं लागतं, जाड वर आणायचे, बारीक खाली बसवायचे. शिवाय सुईतून निघणारा आवाज इतका क्षीण असतो की तो आधी मोठा करून घ्यावा लागतो. ही दोन्ही कामं करणारी जी चीज असते तिला फोनो स्टेज म्हणतात. सुके वाल काही कोणी तसेच फोडणीला टाकत नाही. भिजवायचे, मोड आणायचे, सोलायचे, मग त्याचं बिरडं होतं. तसंच हे.

माझ्या टर्नटेबलमध्ये ही फोनो स्टेज पोटातच बसवलेली होती. मागे एक छोटं बटण. ते 'लाइन'वर ठेवलं की आतली स्टेज चालू, वायर सरळ अॅम्प्लिफायरला. ते 'फोनो'वर ठेवलं की आतली स्टेज बाजूला आणि सुईचा कच्चा आवाज बाहेर. तो मग वेगळ्या डबीत घालायचा, आणि डबीतून अॅम्प्लिफायरला.

आता माझ्यासारख्या माणसाने आहे त्यात सुख मानावं की नाही? पण मला गाणं ऐकताना समाधान वाटेना. गाणाऱ्या बाईंचा सूर ऐकू यायचा, शब्द मात्र ओलसर, एकमेकांना चिकटलेले. मी ठरवून टाकलं की ही आतल्या स्टेजची करणी आहे. टर्नटेबल बनवणाऱ्याने स्वस्तातली काहीतरी पट्टी आत खुपसली असणार. वर तिच्या शेजारीच मोटर फिरणार, तिथे आवाजाचं काय सोनं होणार! पुण्याच्या एका दुकानदाराने वेगळी डबी आठ दिवस वापरून बघायला दिली. आवडली तर ठेवा, नाहीतर परत पाठवा. तळहाताएवढी काळी डबी, तिचा वेगळा अॅडॅप्टर, शिवाय अर्थिंगची एक बारीक वायर.

पहिल्याच दिवशी मी डबी जोडली, ऐकलं आणि बायकोला म्हटलं, "बघ, केवढा फरक!" आणि म्हणताना मला आतून माहीत होतं की फरक मला कळलेला नाही. ज्या माणसाने पंपाच्या पोटातलं बेअरिंग ऐकलं त्याला दोन स्टेजमधला फरक कळू नये? मग मी दोष तबकडीला दिला, नंतर सुईला, नंतर भिंतीला. नाचता येईना अंगण वाकडं.

शेवटी मी माझ्या जोडीदाराला बोलावलं. जोडीदार म्हणजे पाळीतला. सव्वीस वर्षं आम्ही एका पाळीत होतो. त्याचं गाव खालापूर तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी. नोकरी करता करता त्याने भातशेतीही सांभाळली, आणि आता पूर्णवेळ तेच करतो. त्याचा आवाज कॉम्प्रेसर हाउसमध्ये घडलेला. तो एकटाच माणूस होता जो माझ्याशी पुटपुटत नव्हता.

मीटर तपासायची आमची एक पद्धत होती. एक जण वर टाकीपाशी, एक जण खाली कंट्रोल रूममध्ये. वरच्याने किती दाब दिलाय ते खालच्याला सांगायचं नाही. दोघांनी आपापल्या कागदावर आकडा लिहायचा आणि काम संपल्यावरच कागद शेजारी शेजारी ठेवायचे. कारण आकडा आधी सांगितला की दुसऱ्याला तोच दिसायला लागतो. काटा दोन रेघा खाली असला तरी तो म्हणतो, हो हो, बरोबर आहे. माणूस लबाड नसतो, पण डोळा असतो. ही पद्धत आमच्या अंगात इतकी मुरली होती की कँटीनची भाजी खारट आहे का, हेसुद्धा आम्ही एकमेकांना न सांगता आधी ठरवायचो.

तेच आता करायचं ठरलं. तो टर्नटेबलमागे बसून वायरी बदलणार, मी भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसणार. एकच भावगीत, प्रत्येक जोडणीला दोनदा. कोणती जोडणी कधी, ते त्याच्या मनावर. दोघांनी दहापैकी गुण लिहायचे. मध्ये कोणी काही बोलायचं नाही.

"रं, पर ह्ये आत बसून बरं चाललंय, त्येला भाईर कशाला काढतोस?" तो बसता बसता म्हणाला.

"तू वायरी बघ," मी म्हटलं.

पहिली खेप झाली. मी सहा लिहिले. दुसरी झाली. पुन्हा सहा. मला घाम फुटला होता. काहीतरी वेगळं लिहावं म्हणून सहाचे साडेसहा करावेत असं मनात आलं होतं, पण एवढी अप्रामाणिक नोंद आयुष्यात केली नव्हती. तिसऱ्या खेपेला मागे जरा खुडबुड झाली, आवाज आधी अगदी लहान आला, मग त्याने अॅम्प्लिफायरवरून तो मोठा केला, आणि मी खुर्चीत ताठ झालो.

शब्द! बाईंच्या गाण्यातला शब्द न् शब्द मला सुटा ऐकू आला. ओठ मिटल्याचा, उघडल्याचा, जिभेने टाळूला शिवल्याचा. गाण्यामागे वाजणाऱ्या सनईच्या शेवटी वादकाने घेतलेला श्वास. कित्येक वर्षांत असं ऐकलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी नऊ लिहिले आणि दहाच द्यायला हवे होते असं वाटलं.

तेवढ्यात बायको स्वयंपाकघरातून धावत आली. दोन्ही हात कानांवर. "अहो, बंद करा ते! पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं काय लावलंय?" हे तिने ओरडूनच म्हटलं, म्हणून मला कळलं. आमचा नियम मोडला होता, पण मला पर्वा नव्हती. मी नऊचा कागद झेंड्यासारखा वर धरला.

जोडीदाराने माझा कागद बघितला, मग टर्नटेबलच्या मागे वाकून बघितलं. शेवटी त्याने आपला कागद पुढे केला. आतल्या स्टेजला सहा, डबीला आठ, आणि तिसऱ्या खेपेला मोठं शून्य.

"चुकलं माजं," तो म्हणाला. "डबी काडली, वायर सरळ लावली, पर बटन फिरवायचं ऱ्हायलं. फोनोवरच ऱ्हायलं. आतली बी नाय, भाईरची बी नाय. कच्चाच आवाज यत हुता. मला वाटलं, तू शून्य देशील नि आपन हसू."

मी हसलो नाही. मी त्याला म्हटलं की तू हे मुद्दाम केलंस, माझी परीक्षा घ्यायला. म्हटलं, शेती करून करून तुझे कान मातीत गेले, तुला काय कळणार गाणं. म्हटलं, सव्वीस वर्षं माझ्या जिवावर पाळ्या काढल्यास. हे शेवटचं तर धादांत खोटं होतं. बायको मध्ये पडली, काहीतरी म्हणाली. मी तिच्याकडे वळून ओरडलो, "आणि तू आधी नीट बोलायला शीक!" ती आत निघून गेली. तो उठला, चपला घातल्या. चहाचं आधण गॅसवर तसंच राहिलं. सव्वीस वर्षांत तो माझ्याकडून पहिल्यांदा चहा न घेता गेला.

दोन दिवस मी टर्नटेबलला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी बायको भाजीला गेल्यावर मी पुन्हा टर्नटेबलपाशी बसलो. बटण 'फोनो'वर, वायर सरळ. पुन्हा तेच, शब्द लख्ख. बटण 'लाइन'वर, पुन्हा ओलसर भुणभुण. दहा वेळा केलं. हे कसं शक्य आहे? कच्च्या आवाजात बारीक सूर नको इतके चढवलेले असतात. कोणाच्याही कानाला ते टोचायलाच हवेत. बायकोला टोचले, त्याला टोचले. मला का टोचत नव्हते?

आणि तिथे बसल्या बसल्या मला आमच्या जुन्या साहेबांचा एक प्रसंग आठवला. एका टाकीचा पातळीमापक कित्येक महिने अचूक आकडा दाखवत होता. एकदा उघडल्यावर कळलं की त्याची जोडणीच चुकीची आहे. आम्ही ती दुरुस्त केली तर आकडा पार कुठल्या कुठे गेला. आम्ही गोंधळलो. साहेब म्हणाले होते, चुकीच्या जोडणीतून बरोबर आकडा आला तर हरखू नका. याचा अर्थ कुठेतरी दुसरी चूक बसलेली आहे, तेवढीच मोठी आणि बरोबर उलट्या बाजूची. ती शोधा. आम्ही शोधली, आणि मापकच बिघडलेला निघाला.

मी टर्नटेबल तपासलं होतं. वायरी तपासल्या होत्या, अॅम्प्लिफायर माझ्या हातचा होता. साखळीत तपासायची राहिलेली वस्तू एकच होती. खोलीत त्या वेळी तबकडी फिरत होती आणि मी तिच्याकडे बघत होतो, पण गाणं कुठवर गेलं ते मला सांगता आलं नसतं. मला भीती वाटली. कंपनीत वायुगळतीचा भोंगा वाजला तेव्हाही इतकी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जोडीदाराच्या गावी गेलो. तो खळ्यात पाठमोरा बसून विळ्याला धार लावत होता. मी मागे जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, "माझं चुकलं. माझेच कान गेलेत असं वाटतंय."

त्याने विळा खाली ठेवला. राग त्याच्या चेहऱ्यावर नव्हताच. तो म्हणाला, "बस रं आदी."

मी बसलो. तो जरा वेळ पायाने भुसा सारत राहिला. मग म्हणाला, "मला ठावं हुतं."

"कधीपासून?"

"आपन रिटायर व्हायच्या आदीपासनं. शेवटाला तू बेरिंगा सांगायचास ना, तवा तू गेल्याव आमी गपचूप मीटर लावून बघायचो."

"मग? चुकायचो मी?"

"कवा कवा."

"किती?"

"जाऊ दे ना रं."

म्हणजे बऱ्याचदा. ज्या कंपनीत माझा शब्द प्रमाण होता असं मी समजत होतो, तिथे मी पाठ फिरवली की माझीच माणसं माझा शब्द तपासत होती, आणि मला वाईट वाटू नये म्हणून "काका म्हणाले तेच निघालं" म्हणून सांगत होती. आकडा न सांगायची पद्धत त्यांनी माझ्यावरच चालवली होती. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. फक्त लाज वाटली, आणि त्या लाजेखाली थोडं बरंही वाटलं, की पंप तरी कोणाचा माझ्यामुळे फुटला नाही.

"सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"कसं सांगू? तुज्याकडं दुसरं हुतं काय मिरवायला?" तो म्हणाला. इतकं खरं माझ्याशी कोणी बोललं नव्हतं. मग आम्ही दोघंही हसलो. त्याच्या बायकोने चहा आणला. माझ्याकडे राहून गेलेला आणि हा, असा दोन्ही घरांचा चहा आम्ही मिळून प्यालो.

डबीचं काय करू, म्हणून मी विचारलं. आठ दिवस संपत आले होते. त्याच्या शर्टाच्या खिशात तो गुणांचा कागद अजून होता. "ठेव," तो म्हणाला. "भाईरची चांगली हाय. आतलीत मागं घूं असा आवाज हाय, मोटरीचा. डबीत त्यो नाय. तुला नसंल कळत, पर तुज्या घरात दोन मान्सं हायत ना? वैनीला कळंल." इतके दिवस मी आतली की बाहेरची म्हणून डोकं फोडत होतो, आणि गाणं घरात आणखी कोणी ऐकतं हे माझ्या हिशेबातच नव्हतं.

तिथूनच आम्ही दोघं त्याच्या मोटरसायकलवर पनवेलला गेलो, कान-नाक-घशाच्या एका डॉक्टरांकडे. डॉक्टर त्याच्या भाच्याच्या माहितीतले. त्यांनी मला काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन लावले. आवाज आला की हातातलं बटण दाबायचं. मी मनापासून दाबत होतो, आणि मध्येच बराच वेळ काही आवाजच आला नाही. मला वाटलं मशीन बंद पडलं. काचेपलीकडे मशीनवर बसलेली मुलगी मात्र एकामागून एक खटके ओढत होती. मशीन चालू होतं. तेव्हा मला खरं कळलं, आधीचं नुसतं समजलं होतं.

डॉक्टरांनी कागदावरची रेघ दाखवली. अर्ध्यापर्यंत सपाट आणि मग एकदम खाली, लोणावळा सोडून गाडी घाट उतरायला लागावी तशी. ते म्हणाले, "जाड आवाज तुम्हाला चांगले ऐकू येतात, म्हणून कोणी बोलतंय हे कळतं. पण क, त, प, स अशी अक्षरं बारीक आवाजात असतात, ती गळून जातात. म्हणून समोरचा माणूस पुटपुटतोय असं वाटतं. मोठ्या गोंगाटात नोकरी केलीत का?" मी खिळ्याला टांगलेल्या मफची गोष्ट सांगितली नाही. "घरच्यांवर चिडत असाल," ते म्हणाले. "इथे येणारा प्रत्येक नवरा मला हेच सांगतो, की बायको पुटपुटते."

गेलेलं परत येत नाही, पण कानात यंत्र घातलं तर बारीक आवाज चढवून मिळेल. यंत्र बसवायला पुढच्या आठवड्यात बोलावलं. येताना जोडीदाराने मला घराच्या वळणावर सोडलं. आत ये म्हटलं तर म्हणाला, "आज नको. आदी वैनीशी बोल."

बायको पुढच्या खोलीत वर्तमानपत्र पसरून वाल सोलत बसली होती. मी आल्यावर तिने वर बघितलं आणि हाताने पाण्याची खूण केली, पाणी हवं का. मी मान हलवली आणि डॉक्टरांचा कागद तिच्यासमोर वालांच्या शेजारी ठेवला.

"तू पुटपुटत नव्हतीस," मी म्हटलं. "माझे कान गेलेत. बरेच दिवस झाले जाऊन."

मला वाटलं ती कपाळावर हात मारेल, किंवा म्हणेल, तरी मी सांगत होते. पण तिने कधीच काही सांगितलेलं नव्हतं. तिने कागद उचलला. रेघेकडे बघितलंच नाही. वरचं डॉक्टरांचं नाव आणि पत्ता वाचत राहिली. मग ती उठून आत गेली. कपाट उघडून तिच्या पेन्शनच्या कागदांची फाइल घेऊन आली, आणि त्यातून चौघडी घातलेला एक केसपेपर काढून माझ्या कागदाशेजारी ठेवला. वर तेच नाव, तोच पत्ता. तारीख गेल्या श्रावणातली. खाली रुग्णाच्या जागी तिचं नाव.

"तू गेली होतीस?"

"बहिणीकडे जाते म्हणून सांगून गेले होते ना, तेव्हा." ती माझ्या समोर बसली होती, चेहरा उजेडात होता, म्हणून मला सगळं कळत होतं. "मास्तरकीत घसा जातो माणसाचा. आमच्या शाळेतल्या दोघींचा गेला होता. मला वाटलं, माझाही गेला."

मी केसपेपर वाचला. डॉक्टरांच्या वाकड्या अक्षरात तीन ओळी होत्या. घसा तपासला. स्वरयंत्रात दोष नाही. आवाज चांगला.

"इथे तर घसा चांगला आहे म्हणून लिहिलंय."

"हो. डॉक्टर म्हणाले, काहीही झालेलं नाही. वाचून दाखवायला लावलं त्यांनी मला, पानभर. म्हणाले, शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा आवाज आहे."

"मग घरी येऊन माझ्या तोंडावर का नाही फेकलास हा कागद?"

तिने एक वाल सोलला, साल वर्तमानपत्रावर टाकलं. "मला वाटलं, त्यांना नीट सापडलं नसेल," ती म्हणाली. "तुमचा कान कधी चुकत नाही ना."

मी तिच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. तो असता तर मी सोसला असता, बरंही वाटलं असतं. पण तिने ते अगदी खरं मानून सांगितलं होतं, आणि वर्षभर ती तसंच मानून या घरात गप्प राहिली होती. मला रडू आलं. मी तिची माफी मागितली, पण ती मागताना माझी मान खाली होती. ती काहीतरी म्हणाली आणि ते मला ऐकू आलं नाही.

मी उठलो, तिच्या शेजारी सतरंजीवर जाऊन बसलो, तिच्याकडे तोंड केलं आणि म्हटलं, "पुन्हा सांग."